शिसवी मोगरी

सह्याद्रीचे डोंगर पूर्वेकडे उतरत उतरत जिथे माळाला मिळतात, तिथे एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना उंबरझरे नावाचे गाव वसले आहे. गावाच्या वरच्या टेकाडावर केशरगिरी महाराज राहात असत. मठ म्हणजे काय, तर एक कौलारू पडवी, पुढे धुनी, आणि अंगणात वादळात आडव्या झालेल्या जुन्या शिसवाचा एक जाडजूड ओंडका. महाराज त्या ओंडक्यावर बसत आणि आल्यागेल्याची विचारपूस करत. कोणाला अंगारा देत, कोणाला नुसतेच ताक पाजून परत पाठवत. ज्यांनी त्यांना पाहिले ते सांगत की, महाराजांजवळ घटकाभर बसले की आपली अडचण आहे तेवढीच दिसू लागे. उगाच डोंगराएवढी वाटत नसे.

भाविकहो, त्या ओंडक्याचे पुढे काय झाले, त्याची ही कथा आहे.

उंबरझऱ्याचे ग्रामदैवत नरसिंह. वैशाखात नरसिंहजयंती झाली की दुसऱ्या दिवशी देवाचा रथ निघे. रथ सागवानी, चांगला दुमजली उंच, चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी आणि त्यांवर धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या. देऊळ टेकाडाच्या कमरेला आणि बाजारपेठ खाली, त्यामुळे रथाला दगडी फरसबंदीचा एक लांब उतार उतरावा लागे. चढणीला रथ माणसे ओढतात. पण उताराला रथच माणसांना ओढतो. तिथे कामाला येते ती मोगरी. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. मोगरीवाला चाकाच्या अंगाअंगाने चालतो आणि नेमक्या क्षणी ती चाकाखाली सरकवतो. चाक पाचरीवर चढते, रथाचा जोर मोडतो, मग मोगरी काढून पुन्हा पुढे. मोगरी चुकली, तर रथाला थांबवणारे दुसरे काही नाही.

मोगरीचा मान इंगवल्यांच्या घराकडे होता. त्या वेळचे मानकरी गावचे पाटील, हैबतराव इंगवले. धिप्पाड देह, भरघोस मिशा, आणि बोलणे असे की समोरच्याने आपोआप मागे सरावे. मोगऱ्या पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या होत आल्या होत्या. पण आदल्या वर्षी भर उतारात उजव्या चाकाची मोगरी उभी चिरली, रथ पिंपळाच्या पारावर जाऊन आदळला, आणि हैबतरावांच्या चुलतभावाची पावले चाकाखाली सापडली. तो जगला, पण काठीशिवाय पुन्हा चालला नाही. गावाने धास्ती घेतली. यंदा रथ काढावा की नाही, असाच प्रश्न पडला, आणि गावकरी महाराजांकडे आले.

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. मग बसल्या जागी ओंडक्यावर हात थोपटून म्हणाले, "ह्याची मोगरी करा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. हैबतराव तर हसलेच. "महाराज, शिसव म्हंजे दिवाणखान्यातलं लाकूड. झोपाळा करावा, देव्हारा करावा, नवरीची पेटी करावी. ते काय चाकाखाली घालायचं हाय?"

"झोपाळ्यावर बसणाऱ्याला त्याचं बळ कळत नाही, हैबतराव," महाराज म्हणाले. "बाभळीत ताकद आहेच. पण तिचा रेशा एका दिशेनं जातो, फट पडली की ती वाट धरते. शिसवाचा रेशा एका थरात इकडे, तर दुसऱ्या थरात तिकडे. बाईनं वेणी घालावी तसा. फटीला पळायला वाट सापडत नाही."

"बरं, मग घडवणार कोण?"

महाराजांनी मंडळींच्या मागे नजर टाकली. तिथे काढून ठेवलेल्या जोड्यांच्या शेजारी एक माणूस उकिडवा बसला होता. "तुळाजी घडवील."

आता मात्र सगळेच हसले. तुळाजी सुतार म्हणजे गावचा काथवटवाला. दारे-खिडक्या, नांगर, बैलगाड्या ही मोठी कामे त्याचे थोरले भाऊ करत; हा आपला पीठ मळायच्या काथवटी, लाटणी, पळ्या आणि ताकाच्या रव्या करी. अंगाने किरकोळ, बोलणे कमी. रोज सकाळी कामाला बसण्याआधी टेकडी चढून महाराजांचे अंगण झाडायचे, एवढाच त्याचा नेम.

"तुळ्या!" हैबतराव ओरडले. "अरे, रथ घुसळायचा न्हाई, थांबवायचा हाय! रवी करून आणशील न्हाईतर!"

"पोळ्या लाटत लाटत खाली येईल रथ," कोणीतरी भर घातली.

तुळाजी कानापर्यंत लाल झाला. पण उठून पुढे आला आणि त्याने ओंडक्याला हात लावून नमस्कार केला. "महाराज सांगतायत तर करतो," एवढेच म्हणाला.

हैबतरावांचे हसू थांबले. "करतो म्हणालास ना? मग रीत ठावं हाय ना? नव्या मोगरीचा पहिला उतार ज्यानं घडवली त्यानं चाकापुढं चालून उतरायचा. माझ्या आज्यानं सुताराला चालवलं, बापानं चालवलं. मोगरी टिकली तर तू टिकशील."

ही रीत खरीच होती. घडवणाऱ्याने हलगर्जी करू नये म्हणून कोण्या काळी कोणीतरी ती घातली होती. तुळाजीने महाराजांकडे पाहिले. महाराज त्याच्याकडेच बघत होते, आणि त्या डोळ्यांत काळजीचा लवलेश नव्हता.

"चालतो," तुळाजी म्हणाला.

ओंडका खाली आणताना आठ गडी घामाघूम झाले. त्याच्या दोन्ही तोंडांना शेणाचा जाड थर होता. दर वर्षी पाऊस सरला की महाराज स्वतःच्या हातांनी तो लिंपत आणि लोक म्हणत, बघा, लाकडाची पूजा चालली आहे! तुळाजीने थर खरवडला तेव्हा त्याला त्यातले मर्म दिसले. लाकडाचे पाणी तोंडांकडून फार लवकर उडून जाते. तोंडे वाळून आक्रसतात, पोट ओलेच राहते, आणि ओढाताणीत ओंडका तडकतो. इथे एकही तडा नव्हता. महाराजांनी किती वर्षांपूर्वीपासून ही तयारी मांडून ठेवली होती, ह्या विचाराने त्याचे हात जोडले गेले.

वरची साल आणि त्याखालचा फिकट पांढरा भाग त्याने वाकसाने तासून टाकला. त्या भागात दम नसतो, किडा आधी तोच खातो. मग आतला गाभा उघडा पडला. पिकलेल्या जांभळासारखा काळपट जांभळा, मधूनमधून जवळजवळ काळ्या रेघा. करवत चालली तसा भुश्शातून गुलाबासारखा मंद गोड वास येऊ लागला आणि तुळाजीची बायको चंद्रा चुलीपुढून उठून दारात आली.

"काय घासताय? उदबत्ती लावल्यावाणी वाटतंय."

"लाकूडच हाय गं. हुंगून बघ."

तिने भुसा चिमटीत घेतला, हुंगला, आणि मग तिचे डोळे भरले. "वास घ्यायला बरा हाय. पण तुम्ही चाकापुढं चालणार, ते मला कसं बरं वाटंल? रवी घडवताना हात कापला तर निभतं. तिथं…"

"चंद्रे, हे बघ." तुळाजीने लाकडाच्या तुकड्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली. काशाच्या भांड्यासारखा लांब, स्वच्छ नाद निघाला. "पोकळ, भेगाळलेलं लाकूड असं बोलत न्हाई. आणि ह्याच्यावर महाराज बसत होते. मी ज्याला टेकून उभा राहणार ते एवढं घट्ट हाय."

त्या दिवसापासून हत्यारांना धार लावण्यासाठी पाणी घालायला तीच बसू लागली. आणि धार सारखी लावावी लागे! शिसवाच्या पोटात चुन्यासारखे बारीक कण असतात, ते पटाशीचे पाते बोथट करतात. रंधा एका बाजूने गुळगुळीत चाले, हातभर पुढे गेला की रेशा उलटा होऊन कपच्या उडत. तुळाजी तेव्हा रंधा फिरवून दुसऱ्या बाजूने येई. काथवट कोरताना लाकडाच्या कलाने जायची सवय त्याच्या हाताला होती, ती इथे उपयोगी पडली.

मोगरी तयार झाली. तळ सपाट, तोंड निमुळते, पाठ चाकाच्या गोलाईला किंचित जुळणारी. ती घेऊन तो मठात गेला. महाराजांनी मोगरी मांडीवर घेतली, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान उतरली. आता एक ध्यानात ठेव. हिला तेल लावू नको. हिचं तेल हिच्या पोटातच आहे. वरचं ती पिणार नाही."

रथाच्या दिवशी दुपार कलली तेव्हा देवळापुढे मोगऱ्यांची पूजा मांडली गेली. गावाचा जुना रिवाज असा की मोगऱ्यांना देवासारखे तेलाने न्हाऊ घालायचे आणि शेंदूर लावायचा. बाभळीच्या मोगऱ्या तहानेल्या गुरासारखे तेल पीत. वाटीभर ओतले तरी घटकेत कोरड्या. डाव्या चाकाची मोगरी अजून बाभळीचीच होती, तिने तेल पिऊन टाकले. मग हैबतरावांनी शिसवी मोगरीवर वाटी धरली.

तुळाजी पुढे झाला. "पाटील, हिला नको. महाराजांनी सांगितलंय, ही तेल पीत न्हाई."

"पीत न्हाई?" हैबतराव मागे वळून लोकांना म्हणाले, "ऐका! आज एकादशी हाय का काय हिची?"

हशा पिकला.

"चेष्टा न्हाई, पाटील. तेल वरच राहील. तळ निसरडा हुईल."

"तुळ्या, माझ्या बापानं तेल लावलं, आज्यानं लावलं. आणि तू काथवटवाला, देवाच्या पूजेत हात आडवा घालतोस?" आणि त्यांनी एक नाही, दोन वाट्या ओतल्या. तळाला, पाठीला, सगळीकडे तळव्याने चोळचोळून लावले. मोगरी काळ्या आरशासारखी चमकू लागली. बायका म्हणाल्या, काय रूप आलं बघा!

तुळाजीने खांद्यावरचा पंचा काढून तळ पुसायला घेतला, तर हैबतरावांनी पंचा हिसकावला. "देवाचं पुसतोस?" गर्दीतूनही आवाज आले, "पुसू नको रे! अपशकुन करतोस काय?" त्याने खाली वाकून मूठभर माती घेतली, तर दोघांनी त्याचे मनगट धरले. देवाच्या वस्तूला माती फासणार!

तुळाजीने मूठ उघडून माती खाली सोडली. वर मठाकडे तोंड करून त्याने हात जोडले. मनात म्हणाला, महाराज, सांगायचं तेवढं सांगितलं. आता तुम्ही हायसा. मग शांतपणे जाऊन उजव्या चाकापुढे उभा राहिला. चंद्रा देवळाच्या ओट्यावर होती. तिने पदराचे टोक दातांत घट्ट धरले होते.

"नरसिंह महाराज की जय!" रथ हलला.

उताराच्या सुरुवातीला चढाव नाही, उतार नाही अशी जागा आहे, तिथे सगळे ठीक चालले. हैबतराव उजव्या चाकाशी होते, तुळाजी चाकापुढे चार पावले. मग फरसबंदी खाली झुकली. मागे दोर धरून रथाला ताण देणारी माणसे टाचा रोवू लागली. धावा दगडांवर खडखडू लागल्या.

"मोगरी!" डाव्या बाजूने हाक आली. हैबतरावांनी मोगरी चाकाखाली सरकवली.

चाक तिच्यावर चढलेच नाही. वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या फरशीवर तेल पातळ होऊन पसरले होते. चाकाने मोगरी पुढे ढकलली आणि ती ताटावरच्या लोण्याच्या गोळ्यासारखी घसरत निघाली. हैबतरावांनी सगळा भार दांड्यावर टाकला. दांडा हातातून निसटला, पाय तेलावर गेला, आणि एवढा धिप्पाड माणूस चाकापुढे आडवा पडला. उजवीकडे अडवायला काहीच न उरल्याने रथ डाव्या मोगरीभोवती तिरका झाला, आणि डावी मोगरी कडाडून फुटली.

दोरवाल्यांच्या हातांची कातडी सोलून निघाली. खाली पेठेत देवाच्या वाटेवर पायघड्या घालून बायामाणसे बसलेली होती. वरून कोणीतरी किंचाळले, "पळा!"

तुळाजीला पळायला जागा होती. एक उडी बाजूला, की तो सुटला असता. पण चाकाच्या पुढे हैबतराव पालथे पडले होते आणि त्यांचा पाय त्यांना हलवता येत नव्हता. तुळाजी वळला. घसरत येणारी मोगरी त्याने दोन्ही हातांनी धरली, गुडघे फरशीवर टेकले आणि ती चाकाच्या तोंडाशी दाबून धरून त्याने हाक मारली, "महाराज! टेकू द्या!"

आणि त्याच क्षणी, पुढे तो आयुष्यभर सांगत असे, त्याला धुनीचा वास आला. उतारावर कुठे धूर नव्हता, ऊद नव्हता. पण मठाच्या धुनीचा तो वास नाकात शिरला आणि हाताखालची मोगरी कोरडी झाली. तेलाचा बुळबुळीतपणा गेला, खरखरीत लागले. मोगरी फरशीत मुळे धरल्यासारखी जागच्या जागी रुतली. चाक तिच्यावर चढले. सगळ्या रथाचा भार त्या लाकडावर आला, तेव्हा तिच्यातून एक लांब नाद निघाला, देवळातली मोठी घंटा झाल्यासारखा. पेठेच्या टोकाला बसलेल्यांनीही तो ऐकला.

रथ थांबला. हैबतरावांच्या पोटरीपासून चाक वीतभर दूर होते.

आणि मग जो जयजयकार झाला! लोकांनी हैबतरावांना ओढून काढले, चाकांना दगड लावले. मोगरी उचलून पाहिली. तिला चीर नव्हती, कपचा नव्हता, धावेचा ओरखडासुद्धा नव्हता. तेलाचा मागमूस राहिला नव्हता. तळाला मात्र पांढऱ्या भस्माचा बोटभर थर होता.

"भस्म कुणी टाकलं?" एकाने विचारले. कोणीच टाकले नव्हते. तुळाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो मोगरी छातीशी धरून थेट टेकडीच्या वाटेला लागला. त्याच्यामागे चंद्रा, तिच्यामागे गाव, आणि सगळ्यांत मागे, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत, हैबतराव.

मठात दिवाबत्ती करायला एक म्हातारी असे, गोदाक्का. ती दारातच भेटली, घाबरलेली. "बरं झालं आलात! महाराजांना काय झालं बघा की. बरे बसले हुते. एकदम धुनीतलं भस्म मुठी भरून घेतलं, दोन्ही हातांना चोळलं, आणि भुईवर पंजे रोवून वाकले. अंग थरथरतंय, घाम गळतोय. म्या म्हणलं, महाराज, वैद्याला बोलावू का? तर म्हणतात, नको आक्का, जरा टेकू देतोय. उतार फार हाय."

लोक पुढे होईनात. महाराज पडवीत भिंतीला टेकून बसले होते. चेहरा थकलेला, पण ओठांवर हसू. "आलास तुळाजी? मोगरी बरी आहे ना?"

तुळाजीने मोगरी त्यांच्यापुढे ठेवली आणि पाय धरले. महाराजांनी त्याला उठवायला हात पुढे केले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. दोन्ही तळहातांवर आडवा, खोल, काळानिळा वळ होता. अगदी लोखंडी धावेच्या रुंदीचा. जो घाव लाकडावर उमटला नव्हता, तो तिथे उमटला होता.

"देवा रे!" गोदाक्का मटकन खाली बसली.

लोक बाजूला सरले आणि हैबतराव पुढे आले. त्यांचा फेटा सुटला होता, मिशांना धूळ लागली होती. त्यांनी आधी ते तळहात पाहिले. मग तुळाजीकडे पाहिले.

"तेल मी लावलं, महाराज," ते म्हणाले. "ह्यानं अडवलं. पुसू दिलं न्हाई मी त्याला. ह्यो पळाला असता तर ह्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. माझ्यासाठी थांबला ह्यो. मी ह्याला काय न्हाई ते बोललो."

"तेल देवाच्या नावानं ओतलंत," महाराज म्हणाले. "पण पहिली वाटी देवासाठी होती. दुसरी तुळाजीला खाली बघायला लावण्यासाठी. खरं ना?"

हैबतरावांनी मान खाली घातली. "खरं हाय."

"रुसू नका स्वतःवर. मोगरी नवी, लाकूड नवं, तिचा स्वभाव कळायला वेळ लागतो. माणसाचंही तसंच."

"पुढच्या साली चाकापुढं मी चालतो, महाराज. प्रायश्चित्त म्हणून."

"कुणीच चालायचं नाही," महाराज म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "देव उत्सवाला निघतो, त्याच्यापुढे माणूस ओलीस कशाला धरता? काम नीट व्हावं म्हणून भीती लागते, असं तुमच्या पूर्वजांना वाटलं. तुळाजीनं ते कशानं नीट केलं, ते आज बघितलंत ना? ती रीत आजपासून बंद."

"बंद," हैबतराव म्हणाले. मग वळून त्यांनी सगळ्या गावादेखत तुळाजीपुढे हात जोडले. "तुळाजीराव, खाली रथ उतारावर उभा हाय. देव वाटंत थांबलाय. मोगरी माझ्या हातात द्याल का?"

त्यांच्या तोंडून 'राव' ऐकून तुळाजी इतका गोंधळला की त्याने घाईघाईने मोगरी उचलून त्यांच्या हातांत ठेवली आणि म्हणाला, "पाटील, जड हाय, बेतानं."

हैबतरावांनी मोगरी कपाळाला लावली, क्षणभर तुळाजीकडे धरायला दिली, आणि मग आपला सगळा आडदांड देह वाकवून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या तळहातावरचा सुजलेला वळ सदऱ्यातून हैबतरावांना स्पष्ट जाणवला. कोणापुढे कधी न वाकलेला तो माणूस लेकरासारखा हुंदके देऊ लागला, आणि बराच वेळ त्याने डोके वर उचलले नाही.